पाहुण्याचं खातं

उपकेंद्राच्या लॅपटॉपमध्ये डेटाबेस वेगळा राहत नाही.
त्याला स्वतःचं घर नाही, सर्व्हर नाही.
तो प्रोग्रॅमच्या पोटातच असतो,
मोहाच्या टोळात बी असते तसा.
लॅपटॉप उचलला
की आठशे बारा माणसं उचलली जातात.

प्रत्येक माणूस दोन खुणांच्या मधे.
एक उघडते, एक मिटते.
आत नाव, त्याच्या आत टोला,
त्याच्या आत आई, बाप, त्यांचे रक्त तपासल्याच्या तारखा,
आणि सगळ्यात आत, पुरचुंडीतल्या पुरचुंडीत,
दोन अक्षरं:
एए, एएस, नाहीतर एसएस.

मिटणारी एक तिरपी रेघ चुकली
तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही.
ही चूक मशीन माफ करत नाही.
बाकीच्या सगळ्या चालवून घेतं.

मार्गशीर्षातली रात्र. साडेसातला लाइन गेली.
उरलेल्या बॅटरीवर
सेटिंगची फाइल मी पहिल्यांदा नीट वाचली.
कॅश: दोन जीबीच्या मशीनला झेपणार नाही एवढी. कमी केली.
रोजनामा: चालू. म्हणजे लिहिता लिहिता लाइन गेली
तरी अर्धं वाक्य सकाळी सापडतं. बरं.
ॲडमिनचा पासवर्ड:
रिकामा.
सोपा नव्हे, रिकामा. नुसतं एंटर.
आणि त्याखाली, पाहुणा.
पाहुण्याला वाचायची मुभा, सगळं.
दार क्रमांक आठ हजार ऐंशी, चारी दिशांना उघडं,
ओसरीत वायफायसाठी बसणाऱ्या पोरांना,
निवडणुकीच्या मास्तरांना,
औषधवाल्या माणसाला.
आठ महिने.

त्याच दुपारी डोमाजी आले होते,
पुतण्यासाठी पोरगी पाहून, परस्पर इकडेच.
सायकल लिंबाला टेकवली. पिशवीत वाल.
“बापू, तुह्या मशीनीत असनच ना.
होय का नाय, येवढंच सांग.
कागद नको मले.”
मशीन बंद आहे, मी म्हटलं.
ते खोटं होतं.
खरं म्हणजे त्यांना मला विचारायचीही गरज नव्हती,
हे त्यांना ठाऊक नव्हतं.
मलाही, साडेसातपर्यंत.

पाहुण्याची मुभा काढली.
दार एकशे सत्तावीसच्या पत्त्याला बांधलं,
स्वतःशीच बोलणारा पत्ता तो,
बाहेरच्या हाकेला ओ देत नाही.
पासवर्ड केला शब्दकोशात नसलेल्या तीन झाडीबोली शब्दांचा.
नक्कल पेनड्राइव्हवर, कुलूप घालून,
पेनड्राइव्ह लसींच्या कपाटात,
किल्ली सिडाम सिस्टरच्या कमरेला.

मग माणसांची पानं.
मालक: सिस्टर.
वाचणं, लिहिणं: सिस्टर.
इतर: काही नाही.
इतरांत मी.
इथे एंटर दाबायला जरा वेळ लागला.
त्या आठशे बारांत माझंही पान आहे,
पण ते मला पाठ आहे.
बाकीची आता विसरायची होती.
सकाळी पासवर्डची चिठ्ठी सिस्टरच्या हाती दिली.
“तुले पाठ नसनच का रे?” ती म्हणाली.
दोन महिन्यांनी बदला, मी म्हटलं. मला न सांगता.

मंगळवारी ती आली. एकटी.
तिचं नाव इथे लिहीत नाही.
उघडणारी खूण, मिटणारी खूण, मधे काही नाही,
असंही लिहिता येतं,
मशीन त्याला चूक म्हणत नाही.
“माहं पान काढून द्या,” ती म्हणाली.
प्रिंटरची शाई फिकी होती.
तिने उभ्यानेच वाचलं,
चार घड्या केल्या, पर्समध्ये ठेवलं,
पर्सची चेन दोनदा ओढून पाहिली.
“आता त्यायच्या पोराचंबी रक्त घ्या म्हना.
मंग बसू बोलाले.”

तपासणीचं किट संपलेलं होतं.
वडशाहून गुरुवारी येणार.

गुरुवारी किट आलं.
पुतण्या आला, मागे डोमाजी, यावेळी रिकाम्या हातांनी.
सिस्टर लॅपटॉपसमोर बसली, एकेक अक्षर शोधत
पासवर्ड टाकू लागली.
मी तोंड भिंतीकडे केलं.
भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता,
तो वाचत राहिलो.